पहिल्या धारेचं पाणी

९ फेब्रुवारी, रविवार

आज चार वर्षांनी चिमीचा फोन आला. आईला नव्हे, मला. "बाबा, घराच्या भिंती झाल्यात. नळकाम तुम्ही कराल का?" एवढंच बोलली. मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. ही दारातून ऐकत होती. "बघतो काय? हो म्हणायला जीभ झडली होती का?" म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

चाळीस वर्षं नळकाम केलं. कामाच्या वह्या ढीगभर पडल्यात, पण त्यांत नुसती मापं. ही वही वेगळी. बायकोपुढे जे बोलवत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं.

चिमी आमची एकुलती एक. तिने स्वतःच लग्न ठरवलं, एका शाळामास्तराशी. माणूस वाईट नाही, पण मी त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. लग्नाला गेलो नाही. ही एकटी गेली. तेव्हापासून चिमीने माझ्याशी बोलणं टाकलं आणि मीही आपणहून वाकलो नाही. आता तिला सातवा महिना आहे. वस्तीच्या टोकाला घर बांधलंय. तिथवर सार्वजनिक नळ अजून पोचलेला नाही, त्यामुळे त्यांनी स्वतःची बोअर मारलीय.

ठरवलं. सगळं काम तांब्यात करायचं, नळीपासून तोटीपर्यंत. बापाने लेकीला काही दिलं असेल तर ते भिंतीत राहू दे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घर बघून आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. उजेड चांगला आहे. चिमी जाड झालीय, पाय सुजलेत. माझ्याकडे बघून हसली नाही, पण बसायला स्टूल पुसून दिलं.

मास्तर प्लास्टिकच्या पाइपांचं माहितीपत्रक घेऊन उभा. "बाबा, हल्ली बहुतेक लोक हेच वापरतात." मी म्हटलं, "हल्ली बहुतेक लोक बरंच काही करतात." त्याने माहितीपत्रकाची घडी घातली. मग चाचरत म्हणाला, बोअरवाल्याने सांगितलंय की पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, इथल्या जमिनीतलं पाणी जरा वेगळं असतं.

मी बादलीतलं ओंजळभर प्यायलो. गार, हलकं, गोड. साबण लावून पाहिला, फेस चटकन आला. मऊ पाणी. "चाळीस वर्षं पाणी जोखतोय मी," म्हटलं, "मला प्रयोगशाळा नको." चिमी भिंतीला टेकून ऐकत होती. तिच्यासमोर तो मला शिकवू पाहतोय हे मला खपलं नाही, खरं सांगायचं तर.

६ मार्च, गुरुवार

काम छान चाललंय. बऱ्याच दिवसांनी हाताला हवं तसं काम. टोक पॉलिश पेपरने घासायचं, पेस्ट लावायची, जोड बसवायचा, ज्योत धरायची. डाख वितळून कडेने आपसूक आत ओढला जातो तेव्हा अजूनही मला लहान मुलासारखं वाटतं.

तांब्यावर मळकट थर दिसला की माझा हात शिवशिवतो. वखारीत पडून पडून या नळ्या आतून काळपट-तपकिरी झाल्या होत्या. लेकीच्या घरात मळकं तांबं? सगळी लाइन जोडून झाल्यावर पातळ ॲसिड फिरवलं, वर दोनदा साधं पाणी. एका सरळ तुकड्याच्या टोकाला बॅटरी धरली आणि दुसऱ्या टोकाने बघितलं. आत नुसता सोन्याचा उजेड. चिमीला हाक मारून दाखवलं. पोट सावरत वाकली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे कोणाला दिसणार आहे?"

"पाण्याला दिसेल," म्हटलं.

हसली. चार वर्षांत पहिल्यांदा.

२२ मार्च, शनिवार

पाणी सोडलं. एकही जोड गळला नाही. मास्तराने स्वतः सगळ्या तोट्या उघडून बघितल्या आणि मला म्हणाला, "मानलं बाबा." मला बरं वाटलं. त्याच्याबद्दल नव्हे, पण बरं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

नातू. पोट फाडून काढावा लागला, पण दोघंही सुखरूप. डोक्यावर जावळ दाट. नाक आमच्याकडचं. मास्तराच्या आईचं म्हणणं त्यांच्याकडचं. असो.

२७ एप्रिल, रविवार

चिमीला ताप येऊन गेला आणि दूध जवळजवळ आटलं. बाळ वरच्या दुधावर आहे, डब्यातली पावडर. मास्तर पाणी वीस-वीस मिनिटं उकळतो. घड्याळ लावून. शाळेत मुलांना कसं छळत असेल ते दिसलंच.

ही तिकडे मुक्कामाला आहे. दर दोन दिवसांनी घरी येते आणि जाताना आपल्या नळाचं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये भरून रिक्षात घालून नेते. मी विचारलं तर म्हणाली, "मला तिकडचं पाणी पचत नाही हो. चहा कडवट लागतो." नव्या घराला नवी चव असतेच, महिनाभरात जाईल, असं मी सांगितलं. "जाईल तेव्हा जाईल," म्हणाली आणि कॅन उचलला. हिचं असंच. एकदा मनात बसलं की बसलं.

१८ मे, रविवार

सकाळी नातवाला बघायला गेलो. सगळे झोपेत होते. हीच फक्त उठलेली, दार तिने उघडलं आणि पुन्हा बाळाशेजारी जाऊन बसली. मी हात धुवायला न्हाणीघरात गेलो. बेसिनमध्ये तोटीखाली बोटभर रुंद निळसर हिरवा ओघळ. साबणाची पांढरी वडी खालून निळी.

हा रंग मला माहीत आहे.

विशीत असताना एका वसतिगृहाच्या कामावर होतो. सुट्टी संपवून मुलं परत आली, पहिल्या सकाळी चहा प्यायली आणि पन्नासेक मुलं ओकत सुटली. माझ्या उस्तादांनी पाण्याच्या भांड्याचं झाकण काढून मला दाखवलं. पाण्याला निळी झाक. "बसून राहिलेल्या पाण्यात तांबं उतरतं रे," म्हणाले, "आंबट पाणी असेल तर जास्तच."

पण ते वेगळं. तिथे महिनाभर पाणी नळीत साठून होतं. इथे रोज वापर आहे. नवं तांबं सुरुवातीला थोडा रंग सोडतंच. पुढे आतून थर धरला की थांबतं.

हे सगळं मी तिथेच उभा राहून स्वतःला सांगितलं. मग स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणलं, बेसिन घासून लख्ख केलं आणि साबणाची वडी खिशात घातली. तेवढ्यात चिमी उठली. "बाबा, तुम्ही बेसिन कशाला घासताय?" "सवय," म्हटलं.

वडी येताना वाटेत टाकून दिली.

८ जून, रविवार

ही परवा आपल्याच पायरीवरून घसरली. गुडघा फुटलाय, प्लॅस्टर आहे, सहा आठवडे हलायचं नाही. तोंडाने मात्र सगळ्या घरभर फिरते.

आज मास्तर आला. हातात दोन रिकामे कॅन. "आईंनी सांगितलंय, बाळाच्या दुधाला इथलं पाणी नेत जा."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "का? माझ्या हातचं पाणी नको झालं का? अहो, त्या घरात आहे तसलं काम या वस्तीत कोणाच्या घरात नाही." तो म्हणाला, तसं नाही बाबा, आई म्हणाल्या म्हणून. मी म्हटलं, "आईंना चहा कडू लागतो म्हणून तुम्ही पोराला रिक्षातून पाणी आणून पाजणार? लोक हसतील. शिकलेले आहात ना?"

मास्तराने कॅनची झाकणं पुन्हा लावली. मग रिकामे कॅन घेऊन गेला.

ही आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. मी जेवायला वाढलं तर म्हणाली, भूक नाही.

२९ जून, रविवार

बाळ सारखं ओकतं. वजन तीन आठवडे जागचं हललेलं नाही. चिमीचे डोळे खोल गेलेत. आजी होती तोवर पोर कसं गुटगुटीत होतं, असं सगळेच म्हणतात. आजीचा हात लागतो, दुसरं काय. हिला उठता येऊ दे, मग सगळं ठीक होईल.

तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा सकाळी लवकर. बेसिन घासून आलो. खिशात लिंबू घेऊनच जातो आता.

३ जुलै, गुरुवार

बाळाला दवाखान्यात ठेवलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. पोट टम्म, बोटाने दाबलं तर यकृत फळीसारखं कडक लागतं म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तीन महिन्यांचंही नाही अजून. हाताला सुई टोचायला शीर सापडेना तेव्हा मी बाहेर गेलो.

७ जुलै, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी दोन्हीकडच्या घरांची चौकशी केली. कोणाला यकृताचा आजार? लहानपणी कोणी दगावलं? मास्तर हळूच म्हणाला, माझा भाऊ. अकराव्या वर्षी. कावीळ झाली होती.

त्याबरोबर सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. रक्तातूनच आलं असेल तर तपासण्या करू, म्हणाल्या बाई. मास्तराची आई बाहेर बाकावर बसून पदराने तोंड दाबून रडत होती. "माझंच रक्त वाईट. एक खाल्लं, आता दुसरं." चिमी तिच्याशेजारी बसली होती, पण मध्ये हातभर जागा सोडून.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला होतो. तोंड उघडलं असतं तर बाईंना म्हटलं असतं, एक मिनिट. नाही उघडलं. असेलही रक्तातलं. मला काय कळतं त्यातलं?

९ जुलै, बुधवार

झोप लागेना म्हणून आज पाणी तपासायचं ठरवलं. कोणाला न सांगता. चिमी दवाखान्यात, मास्तर शाळेत, घराची किल्ली माझ्याकडे होतीच. तोटी उघडली, पाच मिनिटं पाणी वाहू दिलं, मग बाटली भरली.

प्रयोगशाळेतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पहिल्या धारेचं आहे की वाहून दिलेलं?" पहिल्या धारेचं म्हटल्यावर एरवी मला हसू आलं असतं. म्हटलं, "वाहून दिलेलं. स्वच्छ नमुना नको का?" त्यांनी चिठ्ठीवर तसं लिहिलं. आणखी काहीतरी बोलणार होत्या, पण मागे रांग होती.

१२ जुलै, शनिवार

निकाल आला. तांबं मर्यादेच्या आत. सुटलो! कागद चार वेळा वाचला. घरी येऊन हिच्यापुढे टाकला. "बघ. तुझा कडू चहा." तिने कागद हातात घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.  मला वाटलं होतं, चुकले म्हणेल.

१६ जुलै, बुधवार

बाळ सुधारतंय! तेरा दिवसांत ओकारी थांबली, डोळे निवळले. दूध मागून पितं. उद्या घरी सोडणार. कारण सापडलं नाही, तपासण्यांचे काही निकाल यायचेत, पण काय करायचंय कारण? दवाखान्यात हवा मानवली.

३० जुलै, बुधवार

पुन्हा दाखल. या वेळी पोटात पाणी झालंय.

दवाखान्यात बरं, घरी आलं की आजारी. चिमी हे वाक्य आज तीनदा बोलली, डॉक्टरीणबाईंपुढे, मास्तरापुढे, आणि मग एकदा भिंतीकडे बघत. "घरात मी काय करतेय असं? माझ्याच हातून काहीतरी होतंय." तिने स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

तेव्हा मला बसवेना.

३१ जुलै, गुरुवार

काल दिवसभर आणि रात्रभर त्यांच्या घरात तोटी उघडलेली नव्हती. उजाडता उजाडता गेलो. काचेचा पेला तोटीखाली धरला आणि पहिली धार घेतली. पेला खिडकीत ठेवला.

निळी झाक. नको म्हटलं तरी दिसतच होती.

रोज सकाळी सहाला मास्तर उठायचा, याच धारेने पातेलं भरायचा आणि वीस मिनिटं उकळायचा. पाणी आटायचं, तांबं कुठे आटतंय? ते आणखी दाट व्हायचं. मग त्यात बाळाचं दूध. पोराचं पहिलं दूध.

मी एक घोट घेतला. जिभेवर नाणं ठेवल्यासारखं. मागच्या वेळी पाच मिनिटं पाणी का सोडून दिलं? सवय, असं इथे लिहिणार होतो. सवय नव्हती ती.

२ ऑगस्ट, शनिवार

परवाची पहिली धार बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिली होती, तिचा निकाल आला. लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं. आमचं नऊ.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला आत बोलावून बसवलं. म्हणाल्या, तुमच्या पाण्याचा सामू सहाच्याही खाली आहे. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट. जिभेला कळत नाही, धातूला कळतं. आंबट काही तांब्यात ठेवलं की कळकतं ना, तसं हे पाणीच नळीत रोज कळकत होतं.

मी विचारलं, "पण तांब्याच्या नळ्या पन्नास-पन्नास वर्षं चालतात. मी बसवलेल्या आहेत."

"चालतात," त्या म्हणाल्या. "चांगल्या पाण्यात तांबं आधी थोडं गंजतं. आतून लालसर तपकिरी थर धरतो, त्यावर पुढे हिरवट. तो मळ दिसतो, पण तीच त्याची कातडी. ती धरली की आतलं तांबं पाण्याला लागत नाही. तांब्याला त्याचाच गंज वाचवतो. मात्र त्याला महिने लागतात, वर्षं लागतात. आणि तुमच्यासारख्या आंबट पाण्यात तो थर टिकतच नाही."

मी सांगितलं, आत काळपट थर होता, मी ॲसिडने धुऊन काढला. मला चकचकीत हवं होतं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "धुतला नसता तरी या पाण्याने खाल्लाच असता. थोडा उशिरा. तुम्ही आधी पाणी तपासून घ्यायला हवं होतं, एवढंच."

एवढंच.

तिथून तडक दवाखान्यात गेलो आणि जुना-नवा असे दोन्ही कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले, मग उभ्या राहून पुन्हा वाचले. "हे कोणी सुचवलं तुम्हाला?" मी म्हटलं, मी नळकाम करतो. "आजोबा, तुम्ही हे आणलं नसतं तर आम्ही अजून रक्तच शोधत बसलो असतो." माझा हात हातात घेतला त्यांनी. मी काढून घेतला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

यकृताचा तुकडा तपासला. तांब्याने भरलेलं. शरीरातून तांबं ओढून काढणारं औषध सुरू केलंय. जगेल, म्हणाल्या बाई. पण यकृतावर वण पडलेत आणि ते कितपत भरून येतील हे तो मोठा होईल तेव्हाच कळेल. कदाचित दुसरं यकृत बसवावं लागेल. कदाचित नाही. सगळं कदाचित.

बाईंनी मास्तराच्या आईला सांगितलं की तुमच्या रक्ताचा काही संबंध नाही. म्हातारी माझ्या पायाशीच वाकली. "तुमच्यामुळे माझ्या मेलेल्या लेकराच्या डोक्यावरचं किटाळ गेलं." मी तिला खांद्याला धरून उठवलं. मग तोंड दुसरीकडे फिरवलं. तिला वाटलं मी गहिवरलो.

१७ ऑगस्ट, रविवार

नळ्या उपटल्या. मीच उपटणार म्हटलं, तर मास्तर म्हणाला, एकट्याने नको, मी धरतो. दिवसभर दोघांनी भिंती फोडल्या. चांगलं धरतो. चार वर्षांत त्याच्याबरोबर इतका वेळ कधी घालवला नव्हता. एक नळी उभी चिरून बघितली. आत कुठे लाल, कुठे उघडं नागडं, वळणाच्या जोडावर निळसर पीठ. बोट लावलं की निघून येत होतं. कातडी धरायला बघत होतं बिचारं आणि रोज सोललं जात होतं.

उद्या प्लास्टिकवाला येऊन त्याची लाइन टाकेल. पाण्याचा आंबटपणा मोडायला चुनखडीची टाकीही बसणार आहे. मी आहे तिथे, पण हात लावणार नाही.

मास्तर जाताना म्हणाला, "बाबा, स्वतःला लावून घेऊ नका. कोणालाच माहीत नव्हतं."

२४ ऑगस्ट, रविवार

आज हिला विचारलं. ती काठी घेऊन चालते आता.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत असणार मला? मी काय तपासायला गेले होते?" तिने काठी भिंतीला लावली. "बाळाचं दुपटं तिकडे धुतलं की निळं व्हायचं. चहा कळकायचा. घरच्या पाण्याचं दूध पोर घटाघट प्यायचं आणि तिकडच्या पाण्याचं थुंकायचं. मला एवढं दिसत होतं."

"मग मला का नाही बोललीस?"

ती गुडघा धरून खाटेवर टेकली. "चार वर्षांनी तुम्ही लेकीच्या दारात गेला होतात. ते कोणत्या तोंडाने मोडू? वाटलं, कॅन नेत राहीन, तोवर तुमचं तांबं मुरेल. कोणाला काही सांगायला नको." मग म्हणाली, "माझा गुडघा फुटला ते माझं नशीब. पण त्या दिवशी जावयाला रिकामं पाठवलंत तेव्हा मी आतून हाक मारायला हवी होती. तेवढी माझी चूक."

आजीचा हात लागतो, असं मी या वहीत लिहिलंय. हात कसला. दहा लिटर पाणी होतं ते.

तिला बेसिनचं सांगितलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बाळाला घरी आणून दहा दिवस झाले. चिमीने जेवायला बोलावलं. हिचा पाय दुखत होता म्हणून एकटाच गेलो.

बाळ अंगाने वाळलंय, पण नजर ठरते आता. चिमीने ते माझ्या मांडीवर दिलं आणि समोर कपड्यांच्या घड्या घालत बसली. मास्तर स्वयंपाकघरात होता. बाळाने माझं बोट मुठीत धरलं आणि झोपलं.

चिमी घड्या घालता घालता बोलत होती. "बाबा, मी तुमच्यावर खूप वर्षं राग धरला. लग्नाला आला नाहीत त्याचा. आई म्हणायची, त्यांच्या मनात असतं, पण वाकता येत नाही. मला पटायचं नाही." एक झबलं तिने दोनदा घडी केलं. "सगळे डॉक्टर शोधत होते आणि तुम्ही मुकाट्याने जाऊन शोधून काढलंत. काम तुमचं होतं तरी. दुसऱ्या कोणी लपवलं असतं. तुम्ही होतात म्हणून हा आहे."

गप्प बसता आलं असतं. कोणालाच माहीत नाही. लिंबाचा वासही राहिलेला नाही त्या बेसिनला. ती मला बाबा म्हणतेय, तिच्या घरात मी जेवायला आलोय, नातू मांडीवर आहे. यासाठीच तर तांबं घातलं होतं.

मी म्हटलं, "अठरा मे."

"काय अठरा मे?"

"तेव्हा बघितलं मी. बेसिनमध्ये निळं. मला माहीत होतं ते काय असतं. लिंबाने घासून काढलं. नंतरही आलो तेव्हा घासलं. पहिल्या तपासणीला पाणी वाहू दिलं तेही मुद्दामच असेल. मुद्दामच होतं."

ती हसायला लागली होती, मी काहीतरी गंमत करतोय असं वाटून. मग थांबली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. महिने मोजत होती. मे, जून, जुलै.

"त्याच्या भावाला नावं ठेवत होते सगळे," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही बाकावर होतात."

"होतो."

"मी माझ्या हातांना बघत होते."

"हो."

ती उठली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि बाळाची मूठ माझ्या बोटावरून सोडवायला लागली, एकेक बोट करून, त्याची झोप मोडणार नाही अशा बेताने. मग त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

"आईला सांगा, पाय बरा झाला की ये. एकटीने ये."

आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी बूट घालत होतो तर मास्तर स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. "हे काय बाबा, निघालात? पानं वाढतोच आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं असं वाटतं, पहिल्यांदाच. कानशिलावर केस पांढरे झालेत त्याचे. या सहा महिन्यांतले असावेत.

"नको," म्हटलं.

"अहो, निदान दोन घास तरी," तो म्हणत होता, तेवढ्यात आतून चिमीने त्याला हाक मारली.